बारावी मात्रा

ठोसा बाराव्या मात्रेला पडायचा. अकराव्या नाही, तेराव्या नाही. सोळा मात्रांचा एकच लांब सूर धरायचा, न थरथरता, न वरखाली होता. बाराव्या मात्रेला छाती रिकामी व्हायला लागते आणि सगळा भार पोटावर येतो. नेमक्या त्याच घटकेला समोरच्यानं मूठ आवळून पोटात द्यायची. सूर हलला नाही, तर पोरगं बँडचं झालं. हलला, तर उद्या पुन्हा पोट आणि पुन्हा मूठ.

कुणी म्हणेल, ही शाळा की कुस्तीचा आखाडा? पण त्या खोलीत गेली वीस वर्षं असं कुणी म्हटलं नव्हतं. उलट मधल्या सुट्टीत पोरं शर्ट वर करून एकमेकांना डाग दाखवायची. ट्रॉम्बोन वाजवणारा एक ताडमाड मुलगा होता, त्याला सगळे शिडी म्हणत. त्याच्या पोटावरचा डाग महिनाभर टिकला, तेव्हा त्यानं डागाचा वाढदिवस करायचं ठरवलं होतं.

खोली व्यायामशाळेच्या मागे होती. लांबट, एका खिडकीची, पितळेचा आणि पिस्टनला घालायच्या तेलाचा वास मुरलेली. प्रत्येक खुर्चीपाशी एक फडकं, कारण वाद्यात साचलेलं थुंकीचं पाणी कुठंतरी टाकावं लागतंच. सकाळी साडेसहाला चाळीस पोरं तिथं उभी राहायची आणि सर काठी उचलायचे. काठी स्टँडच्या कडेवर पडायची, टक, टक, टक, मिनिटाला बरोबर साठ. म्हणून त्यांचं नाव टकटकसर. आधी श्वास, चार मात्रा आत, आठ बाहेर. मग वाद्याचं नुसतं तोंड ओठांना लावून फुरफुर. मग लांब सूर. मग स्केल. गाणं म्हणाल तर ते सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

सरांच्या वरच्या ओठावर एक गोल वण होता, वाद्याच्या तोंडानं कायमचा उमटवलेला. पुढचे दोन दात खोटे. त्यांच्या गुरूनं ट्रम्पेटवर समोरून तळहात मारून खरे पाडले होते, आणि सर हे सांगताना गुरूचं नाव आदरानं घ्यायचे. वाईट माणूस नव्हता. कुणाचे ओठ फाटले तर खिशातून मलमाची डबी काढून स्वतःच्या बोटानं लावायचा. पण ओठ का फाटले हेही कधीकधी तोच जाणे. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या ओळीतला एक मुलगा वरचा सूर लागेना म्हणून ट्रम्पेट ओठांवर रेटत होता. सर त्याच्यासमोर येऊन थांबले.

"दाबतोस? दाबून काय होतं, दाखवू?" म्हणाले, आणि पुढच्या कर्ण्याच्या बाजूनं ट्रम्पेटला असा तडाखा दिला की मुलाच्या हनुवटीवरून रक्ताची धार फडक्यावर उतरली. मग मलमाची डबी निघाली.

या खोलीत पहिल्या खुर्चीवर बसायची थोरली. चौदा वर्षांची, ट्रम्पेटवाली. सरांनी स्वतःचं जुनं तोंड, म्हणजे ट्रम्पेटला लावायचा तो पितळी प्याला, तिला दिला होता, आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती इतका आनंद झाला होता. चोवीस मात्रा सूर धरायची पोरगी. पहिल्या खुर्चीला एक मान असायचा, नव्या पोरांना ठोसा तीच द्यायची. हळू दिलेला ठोसा धरला जात नसे. हळू दिला, तर मग सर स्वतः यायचे, आणि त्यांचा हात हा पुरुषाचा हात होता. म्हणून थोरली जोरात मारायची. तिला वाटायचं, आपण पोरांना वाचवतोय.

यंदा बँडमध्ये पहिल्यांदाच फ्लूट आल्या. चांदीसारख्या चकचकीत, आडव्या धरायच्या, पाच. सरांनी त्या पेटीतून काढल्या त्याच मुळी नाक मुरडून. "फुंकर मारायची खेळणी," म्हणाले. "पण नियम सगळ्यांना एकच." त्या पाचांतली एक फ्लूट धाकटीच्या हातात पडली. धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण, अकरा वर्षांची, थोरलीच्या खांद्याला लागेल एवढीच उंची आणि तोंड मात्र दोन माणसांचं.

तिची परीक्षा सोमवारी होती. रविवारी दुपारी थोरलीनं तिला घरच्या फरशीवर उताणं पाडलं आणि पोटावर भूगोल, विज्ञान आणि जाडजूड शब्दकोश रचला.

"श्वास घे. पुस्तकं वर गेली पाहिजेत. खांदे हलवू नकोस, खांद्यांत काय फुप्फुसं आहेत तुझी?"

"ताई, शब्दकोश काढ ना. सगळे शब्द टोचतायत."

"पोट दगड कर. केलंस?" थोरलीनं पुस्तकं काढून मुठीनं दोनदा ठोकून पाहिलं, दार वाजवतात तसं.

आई पलीकडं बसून हे बघत होती. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून तिच्या हातांवर ठिकठिकाणी तपकिरी चटके उठले होते. वडील ट्रकवर, महिन्यातून एकदा दाराशी दिसायचे. घर चालायचं ते आईच्या हातांवर. "काय चाललंय गं? बँड आहे की बॉक्सिंग?" तिनं विचारलं.

"श्वासाचा व्यायाम आहे, आई," दोघी एका सुरात म्हणाल्या. खोलीतलं खोलीत ठेवायचं, हाही तिथला एक नियमच.

आई आत गेल्यावर धाकटी उठून बसली. "ताई, एक सांगू? माझा श्वास दहालाच संपतो. अकरा कशाबशा होतात."

"सगळ्यांचा संपतो. तरी धरायचा. श्वास चोरायचा नाही."

मधेच हळूच श्वास घेणाऱ्याला त्या खोलीत श्वासचोर म्हणत. ही शिवी ऐकण्यापेक्षा पोरं डोळे पांढरे होईपर्यंत फुंकायची.

"चोरत नाही गं मी. संपतोच."

"पोट दगड केलंस की पुरतो," थोरली म्हणाली आणि तिची वेणी ओढून तिला पुन्हा आडवं केलं. पोरीनं सांगितलं होतं. हिनं ऐकलं, पण कानामागं टाकलं. पुढं कितीतरी दिवस थोरलीला ती रविवारची दुपार उकरून काढावीशी वाटायची, तिथल्या तिथं थांबवावीशी वाटायची. पण बोलून गेलेला शब्द आणि सुटलेली मूठ, दोन्ही कुणाचं ऐकत नाहीत.

सोमवारी धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिला दोन घट्ट वेण्या थोरलीनंच घालून दिल्या होत्या. चाळीस पोरं भिंतींना टेकलेली. थोरली एका हाताच्या अंतरावर. धाकटीनं तिच्याकडं बघून एक भुवई उडवली, घरी जेवताना एकमेकींना हसवायला उडवतात तशी, आणि फ्लूट ओठाला लावली.

टक.

सूर निघाला. बारीक, पण सरळ, सुतात ओवल्यासारखा. तीन, चार. सरांचीही मान जराशी हलली. सात, आठ. नऊला सूर विरळ झाला. दहाला धाकटीचा चेहरा लाल. अकराला मानेवरची शीर दोरीसारखी फुगली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण सूर तिथंच होता, तुटता तुटता धरलेला. थोरलीनं मूठ मागं घेतली. या घटकेला ती कधीच चेहऱ्याकडं बघत नसे. फक्त पोटाकडं बघायचं आणि काठीचा आवाज ऐकायचा, असं सरांनीच शिकवलं होतं.

बारा.

मूठ निघाली तेव्हाच धाकटीचं तोंड उघडलं. श्वास आत गेला. पोट, जे दगड असायला हवं होतं, ते त्या एका क्षणाला उशीसारखं मऊ झालं होतं. उजव्या हाताची मूठ समोरच्याच्या डाव्या कुशीत जाते. ती गेली, मनगटापर्यंत गेली. थोरलीला बरगडीची खालची कड बोटांच्या सांध्यांना लागलेली कळली.

धाकटी ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. ती मधोमध दुमडली, गुडघ्यांवर आली आणि कपाळ फरशीवर आदळलं. फ्लूट मात्र तिनं दोन्ही हातांनी वर धरून ठेवली होती, जमिनीला लागू दिली नाही.

"श्वासचोर," मागून कुणीतरी म्हणालं.

सरांनी काठी खाली ठेवली. "चोरलास. उद्या पुन्हा."

थोरलीनं तिला उठवलं. धाकटी पांढरी पडली होती, पण हसायचा प्रयत्न करत होती. "बरी आहे मी. तुझी मूठ आहे की वरवंटा?" म्हणाली, आणि वर्गात गेली. दुसऱ्या तासाला तिनं बाईंना सांगितलं की डावा खांदा दुखतोय. बाई म्हणाल्या, दप्तर दुसऱ्या खांद्यावर घे. चौथ्या तासाला फळ्यावर गणित सोडवायला उठली आणि खडू हातात धरूनच खाली कोसळली.

शिपायानं तिला उचलून दवाखान्यात धावत नेलं. थोरली मागं मागं पळत होती. तिथं धाकटीचं पोट फुगून टणक झालं होतं. आदल्या दिवशी थोरलीला हवं होतं तसं, अगदी दगड. डॉक्टरीणबाईंनी एकदा हात लावला आणि लगेच ऑपरेशनची खोली उघडायला सांगितली.

आई लाँड्रीतून आली ती अंगावरचा ओला एप्रन तसाच ठेवून. सर तिच्याआधी पोचले होते. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हिरव्या झग्यावर काळपट डाग.

"डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, रक्तानं भरलेली पिशवीच म्हणा. ती फाटली होती. काढून टाकावी लागली. पोटात दीड लिटर रक्त होतं. पोर वाचली, पण थोडक्यात वाचली. मला सांगा, झालं काय?"

"पायऱ्यांवरून पडली," सर म्हणाले. "हातात लोखंडी स्टँड होता. त्याचा कोपरा लागला."

बाई सरांकडं बघत नव्हत्या, थोरलीकडं बघत होत्या. "पायऱ्यांवरून पडलेल्या पोरांचे गुडघे फुटतात, कोपरं सोलतात. हिला कपाळावर एक टेंगूळ आहे, बाकी ओरखडा नाही. तू होतीस ना तिथं?"

थोरलीनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण सगळ्यांनी ते हो धरलं.

आईनं तिला जवळ ओढलं. "मीच म्हटलं होतं, ताईबरोबर जा, ताई आहे तिथं, सांभाळेल," ती थोरलीच्या केसांत बोलत होती. "तुझं पण काळीज फाटलं असेल गं माझ्या राजा. तुझ्या डोळ्यांदेखत पडली." थोरलीचा उजवा हात दोघींच्या मध्ये दाबला गेला होता. तिला तो कापून कुठंतरी ठेवावासा वाटत होता.

दोन दिवसांनी सरांनी तिला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. आवाज मऊ होता.

"हे बघ. तिनं श्वास चोरला नसता तर काही झालं नसतं. तुझी चूक नाही, माझी नाही. खरं सांगितलंस तर खोलीला कुलूप लागेल आणि तुझ्या आईला कळेल की कुणाची मूठ होती. कुणाचं भलं होणार त्यात? उरलेल्या चार फ्लूट पुढच्या सोमवारी. नेहमीसारखं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा ठेवला होता. याच हातासाठी ती चोवीस मात्रा श्वास धरायची, आणि आज तो टोपलंभर विटांसारखा लागत होता.

चौथ्या दिवशी धाकटी नीट बोलायला लागली. आई पाणी आणायला गेल्याबरोबर तिनं बोटानं थोरलीला खुणावलं.

"आई म्हणते तसं, पायऱ्यांवरून पडले म्हणूनच सांगितलं मी. नाहीतर तुझी खुर्ची जाईल ना." मग तिनं थोरलीची बाही धरली. "ताई, पण मी चोरला नव्हता. संपला होता. तुला खरं वाटतं ना?"

थोरली हो म्हणाली. पण तिला खरं वाटत नव्हतं, निदान पुरतं नाही. सोळा मात्रा म्हणजे काय डोंगर? नवं पोर ट्रम्पेटवर आठ दिवसांत धरतं.

त्या दुपारी ती एकटी घरी आली. फ्लूटची पेटी कोपऱ्यात होती. तिनं ती उघडली, तीन तुकडे जोडले आणि ओठाला लावली. चारदा नुसती हवा गेली. पाचव्यांदा सूर लागला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत तिनं मोजायला सुरुवात केली. सातला काहीतरी चुकतंय असं वाटलं. नऊला छाती ठार रिकामी.

पुन्हा. नऊ. पुन्हा, पोट आवळून, फरशीवर पाय रोवून. दहा, आणि डोळ्यांपुढं काजवे.

तिनं भोकापुढं तळहात धरला आणि फुंकलं. अर्धी हवा तळहातावर येत होती. ट्रम्पेटला ओठ चिकटलेले असतात, घेतलेला सगळा श्वास नळीत जातो, आणि वर नळीच तो अडवून धरते. इथं तसं काही नव्हतं. इथं श्वास एका कडेवर आपटून फुटत होता, थोडा आत, बाकीचा वाऱ्यावर. हे वाद्य श्वास पीत होतं. चोवीस मात्रांची थोरली यावर दहाला मेली होती. आणि ती अकरा वर्षांची चिमणी अकरापर्यंत गेली होती.

बाराव्या मात्रेचा नियम पितळेचा होता. फ्लूटला तो लावायचा म्हणजे श्वास आत घेणाऱ्या पोटात मूठ घालायची, दर वेळी, न चुकता. आणि सोमवारी चार पोटं उभी राहणार होती.

थोरली फरशीवर बसली आणि आपल्या उजव्या मुठीला चावली, रक्त येईपर्यंत.

सोमवारी सकाळी आई तिच्याबरोबर निघाली. "ती बासरी शाळेची आहे, देऊन टाकते त्यांना. पुरे झालं आमच्या पोरीचं संगीत." थोरली नको म्हणाली नाही. रस्ताभर तिनं आईच्या एप्रनचं टोक धरून ठेवलं होतं, लहानपणी धरायची तसं.

आई दाराजवळच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसली. सरांनी तिला बघितलं, घसा साफ केला आणि काठी उचलली. श्वास झाला. फुरफुर झाली. लांब सूर झाले. मग सर थोरलीकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "परीक्षा आज नको. पाहुणे आहेत."

पण चष्मा लावलेली एक फ्लूटवाली पोरगी आधीच मधोमध येऊन उभी राहिली होती, आठवडाभर त्याच भीतीत झोपलेली, कधी एकदा संपतंय म्हणून.

थोरलीनं तिला बाजूला केलं. "सर, तुम्ही दरवर्षी पहिल्या दिवशी आम्हाला दाखवता. सूर धरता आणि म्हणता, मारा. यंदा दाखवलं नाहीत."

हे खरंच होतं. शाळेतला सगळ्यात दांडगा पोरगा मारायचा, आणि सरांचा सूर भिंतीसारखा उभा राहायचा. पोरांचे डोळे चमकले.

"मला काय, केव्हाही," सर म्हणाले. दाराकडं एक नजर गेलीच.

"फ्लूटवर, सर. नियम सगळ्यांना एकच."

"सर, पडाल हां," शिडी मागून म्हणाला आणि खोलीभर खसखस पिकली. त्या हशानं काम केलं. सरांनी काठी शिडीच्या हातात कोंबली, चष्मेवालीची फ्लूट ओढून घेतली आणि छाती भरून घेतली.

टक.

सूर घोगरा होता, पण दांडगा. थोरली त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि या खेपेला तिनं पोटाकडं बघितलं नाही, चेहऱ्याकडं बघितलं. पाचला सर निवांत. आठला कपाळावर आठी. नऊला त्यांच्या नजरेत काहीतरी हललं, अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथं पायरीच नसावी, तसं. दहाला मान लाल. त्यांना थांबता आलं असतं. चाळीस पोरं बघत होती. अकराला गोल वणाभोवतीचा ओठ थरथरला, मानेवरची शीर फुगली, तीच, त्याच जागी.

बारा.

सरांचं तोंड उघडलं, श्वास आत जायला लागला. थोरलीला हात आवरायला वेळ होता. तिनं तो आवरला नाही.

मूठ गेली, मनगटापर्यंत.

एवढा मोठा माणूस, पण आवाज झाला नाही. फ्लूट फरशीवर खणकन पडली. सर मागं गेले, तीन स्टँड घेऊन कोसळले, कागद उडाले, एका स्टँडची कड भुवईत घुसली आणि रक्त डोळ्यात, गालावर, पांढऱ्या कॉलरवर उतरलं. ते पाय झाडत होते. तोंड उघडं, खोटे दात घसरलेले, पण हवा ना आत ना बाहेर. चेहरा जांभळा होत चालला. चाळीस पोरं जागच्या जागी थिजली.

थोरली त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. त्यांचे दात तिनं बोटानं काढून बाजूला ठेवले आणि फरशीवर हात आपटायला लागली. टक. टक. "चार मात्रा आत, सर. खांदे खाली. एक. दोन. घ्या. तीन. चार. आता आठ बाहेर. एक. दोन." तिसऱ्या फेरीला घशातून कुठंतरी बारीक शीळ वाजली. पाचव्या फेरीला श्वास लागला. ती मोजतच राहिली, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मात्रा मात्र एकही चुकत नव्हती.

"किती?" सरांनी बोळक्या तोंडानं विचारलं. "किती झाल्या?"

"अकरा, सर. धाकटीच्याही अकराच झाल्या होत्या."

सरांनी डोळे मिटले. पुढं मुख्याध्यापिकांनी घडलेलं सगळं लिहून दिलेल्या कागदावर त्यांनी फक्त सही केली.

थोरली उठली आणि दाराकडं वळली. आई उभी होती. पेटी खाली पडून उघडली होती.

"आई, ती पायऱ्यांवरून पडली नाही. मी मारलं तिला. असंच. इथंच उभी राहून."

आई जवळ आली आणि तिनं थोरलीच्या थोबाडीत दिली. दिवसाला दोनशे चादरी दाबणारा हात तो. थोरली भिंतीवर आदळली. दुसरी बसेल म्हणून तिनं गाल पुढं केला, तशी आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एक असा आवाज काढला की मागच्या ओळीतली पोरं रडायला लागली. मग ती वळली, शिडीच्या हातातली काठी हिसकावली. सगळ्यांना वाटलं, आता सर संपले. पण तिनं काठी गुडघ्यावर आपटली. मोडेना. पुन्हा आपटली. तरी मोडेना. वीस वर्षांची मुरलेली काठी ती.

"मावशी, इकडं द्या," शिडी हळूच म्हणाला, आणि एक टोक त्यानं धरलं, एक आईनं.

त्याच दुपारी आईनं थोरलीला डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं आणि सगळं तिच्याच तोंडानं सांगायला लावलं. बाईंनी लिहून घेतलं, मधे एकदाच थांबल्या, आणि तिच्या उजव्या हातावरची चावल्याची जखम धुऊन पट्टी बांधली.

धाकटी उशांना टेकून बसली होती. तिच्या हातात प्लॅस्टिकचं एक खेळणं होतं, तीन नळ्या, तीन निळ्या गोळ्या. ऑपरेशननंतर फुप्फुसं बसू नयेत म्हणून नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर तरंगत ठेवायच्या. तासाला दहा वेळा.

"इथंही वॉर्म-अपनं पाठ सोडली नाही बघ," ती म्हणाली. मग थोरलीच्या गालाकडं बघितलं. चार बोटं स्पष्ट उमटली होती. "आई?"

"हो. सांगितलं मी सगळं."

"आणि खुर्ची?"

"गेली."

"अय्या." धाकटी हसली, टाके ओढले गेले म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली. "सगळी चार बोटं आलीत. अंगठा कुठंय?"

"कानामागं."

आई खिडकीपाशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, हसत होती की काय होती, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. थोरली पलंगाच्या कडेला बसली.

"तू चोरला नव्हतास," एवढंच ती म्हणाली. "मी वाजवून बघितली. मी दहाला मेले."

धाकटीनं भुवई उडवली. "दहालाच?" तिनं नळी तोंडात धरली. "मोज."

"एक," थोरली म्हणाली. गोळ्या वर गेल्या. "दोन." तिसरी गोळी थरथरली. "तीन." तिन्ही टपटप खाली आल्या.

"संपला," धाकटी म्हणाली.

"संपला तर घे," थोरली म्हणाली, आणि पट्टीचा हात मांडीवर उघडा ठेवून तिचा श्वास येईपर्यंत थांबली.